चीफसाहेबांचं चाकांवरचं घर

माझा नवरा जहाजावर चीफ इंजिनियर होता. निवृत्त होऊन तो कायमचा सिंगापूरच्या मरीन परेड भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. जणू मला मोठं बक्षीसच लागलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बटणावर पट्टी चिकटवली: ‘दिवा’, ‘पंखा’, ‘मिक्सर’. ती बटणं मी कित्येक वर्षं न चुकता दाबत आले होते, पण चीफसाहेबांना त्याचं काय!

पट्ट्या चिकटवून झाल्यावर त्याला करायला काही उरेना. मग तो मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागला. घरदार विकून मोटारहोममध्ये राहणाऱ्या जोडप्यांचे. मोटारहोम म्हणजे ज्यात पलंग, शेगडी, संडास सगळं असतं अशी मोठी गाडी. त्या व्हिडिओंमधली सगळी माणसं सूर्योदयाला उठतात, बाई केस मोकळे सोडून कॉफी पिते, पुरुष क्षितिजाकडे बघतो आणि दोघंही म्हणतात की आम्ही हे आधीच का केलं नाही. भांडी कोण घासतं हे कुठल्याच व्हिडिओत दाखवत नाहीत.

“आपण हेच करायचं,” एके सकाळी त्याने जाहीर केलं.

“सिंगापूरमध्ये?” मी विचारलं. “अहो, इथे नाश्ता करून निघालात तर जेवायच्या आत देश संपतो.”

“इथे नाही गं. ऑस्ट्रेलिया. मग न्यूझीलंड. फ्लॅट विकून टाकू. मी आयुष्यभर केबिनमध्ये राहिलोय, मला सवय आहे. प्रश्न तुझाच आहे.”

हे वाक्य त्याने नंतर सगळीकडे म्हणून दाखवलं. महाराष्ट्र मंडळातल्या एका बँकवाल्या मित्राकडे आम्ही जेवायला गेलो, बुकित तिमाहला, तिथेही. त्या मित्राच्या घरात इतक्या खोल्या आहेत की पाहुण्यांना न्हाणीघर दाखवायला कोणीतरी सोबत जावं लागतं. तो म्हणाला, “वा! मिनिमलिझम! कमीत कमी सामानात जगणं! माझंही तेच स्वप्न आहे.” त्याच्या बायकोने मला फक्त श्रीखंड जास्त वाढलं.

मुलीने मात्र फोनवर स्पष्ट सांगितलं. ती इथेच शिकली, त्यामुळे मी मराठीत विचारते आणि ती इथल्या इंग्रजीत उत्तर देते. “आई, बाबा crazy already lah. You don’t follow, okay?”

पण चीफसाहेब पद्धतशीर माणूस. कुठलंही यंत्र सुरू करण्याआधी चाचणी घ्यायची, हे त्याच्या रक्तात आहे. त्याने मोटारहोमची लांबीरुंदी शोधून काढली, हॉलमधला सोफा भिंतीला लावला आणि जमिनीवर चिकटपट्टीने गाडी आखली. इथे पलंग, इथे शेगडी, इथे दार. आठवडाभर आपण दोघांनी या रेषांच्या आत राहायचं. फ्रिज रेषेबाहेर होता, म्हणून फ्रिज म्हणजे बाजार. तिथे दिवसातून एकदाच जायचं. संडास आत आखणं शक्य नव्हतं, त्याला सूट होती.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली आणि हॉलच्या दारात उभी राहिली. तिचे बाबा लुंगीत, गादीवर, नकाशा वाचत बसलेले. ती सरळ आमच्याकडे चालत आली.

“भिंतीतून आलीस,” तो नकाशातून डोकं वर न काढता म्हणाला. “दार तिकडे आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बिचारी मागे गेली आणि दारातून आत आली.

त्या आठवड्यात मी नियम पाळले, अगदी प्रामाणिकपणे. चीफसाहेब मात्र रोज सकाळी बाहेर पडत. इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला टोस्ट, आणि अर्धवट उकडलेली अंडी खाऊन तासाभराने परत येत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “जहाज बंदराला लागल्यावर माणूस किनाऱ्यावर उतरतोच.” जहाज रोज सकाळी बंदराला लागत होतं. शेवटी त्याने निकाल दिला: चाचणी यशस्वी.

मग खरी चाचणी. पर्थला विमानाने गेलो आणि भाड्याने मोटारहोम घेतली. समुद्राच्या कडेने दक्षिणेकडे जायचं, तीन आठवडे राहायचं, जमलं तर परत येऊन फ्लॅट विकायला काढायचा.

गाडी ताब्यात देणाऱ्या तरुणीने सगळं समजावून सांगितलं. गाडीखाली संडासाचा डबा असतो, तो भरला की ओढून काढायचा, कॅरॅव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या तळावर, ठरलेल्या जागी रिकामा करायचा. चीफसाहेब मान डोलवत होते. “जहाजावर याच्या शंभरपट मोठी यंत्रणा सांभाळलीय,” त्याने तिला ऐकवलं.

डबा भरला तेव्हा तो त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

“काय झालं?” मी म्हटलं.

“जहाजावर हे काम फोर्थ इंजिनियर करायचा.”

“मग बोलवा त्याला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. पूर्ण गाडीत दोनच माणसं होती आणि त्यातलं एक चीफ होतं. मी हातमोजे घातले.

हळूहळू लक्षात आलं की जहाजावर त्याने पुष्कळ कामं कधी केलीच नव्हती. जेवण आचारी करायचा, चादरी स्ट्युअर्ड बदलायचा. केबिनमध्ये राहायची सवय होती हे खरं, पण ती केबिन कोणीतरी झाडून ठेवायचं. इथे मुक्कामी पोचलं की तो एकच काम जीव ओतून करायचा: गाडी समतल करायची. चाकांखाली पाचरी सरकवायच्या, फरशीवर पाणसळ ठेवायची, पुन्हा सरकवायच्या. तोपर्यंत शेजारच्या गाडीतल्या लोकांचं जेवण होऊन ते फिरायला गेलेले असत. इतकं करूनही माझं वरण पातेल्याच्या एकाच बाजूला जमायचं.

आणि मी? मला ते सगळं आवडायला लागलं. हे मला स्वतःलाही कबूल करायला जरा वेळ लागला. सिंगापुरात आम्ही कधी गाडी घेतली नाही. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, आणि बस यांवर भागतं. मी लायसन्स काढलं होतं आणि ते पर्समध्ये जुनं होत होतं. एका सकाळी चीफसाहेबांची कंबर धरली म्हणून मी स्टिअरिंगवर बसले. पहिला तासभर हात घामेजले होते. मग रस्ता सरळ झाला, दोन्ही बाजूंना उंच झाडं, समोर कोणी नाही. इतकं रिकामं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे खिडकीतून समोरची इमारत दिसते आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे. त्या दिवसानंतर मी स्टिअरिंग सोडलं नाही.

“स्पीड बघ,” तो शेजारून म्हणायचा.

“बघतेय.”

“इंजिनाचा आवाज बदलला.”

“चढ आहे.”

मग एके दिवशी सकाळपासून पाऊस लागला. बाहेर पडता येईना. गाडीत एकाने उठायचं तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे, अशी अवस्था. चमचा कुठे ठेवला यावरून सुरू झालं आणि कुठल्या कुठे गेलं. माझ्या बहिणीच्या लग्नात तो नव्हता, मुलीच्या टायफॉइडमध्ये नव्हता. त्याचं म्हणणं, मी त्याला आलेली पत्रं उघडून वाचायचे, तो सुट्टीवर आला की माझ्या कपाळावर आठी असायची. असं भांडण आमचं आयुष्यात झालं नव्हतं. कारण आमच्या भांडणांना नेहमी जहाज सुटायची तारीख असायची. ती जवळ आली की दोघंही गप्प व्हायचो आणि मी चकल्या करायला घ्यायचे. इथे तारीखच नव्हती. भांडण आपलं आपण थकेपर्यंत चाललं.

दुपारी मी चहा केला. त्याने कप घेतला आणि विचारलं, “तुला हे सगळं आवडतंय ना?”

“हो,” मी म्हणाले. “तुम्हाला?”

“नाही.”

छतावर पाऊस पडत होता. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“अहो, केबिनची सवय होती ना तुम्हाला?”

“केबिनमध्ये मी राहत नव्हतो गं. घरी जायची वाट बघत होतो.”

“मग घर विकायचं हे खूळ कशासाठी?”

त्याने कप खाली ठेवला. “घरी आलो तर ते घर तुझं होतं. साखर कुठे, मीठ कुठे, शेजारी कोण, सगळं तुला ठाऊक. मी सुट्टीवर आलेला पाहुणा होतो, आणि सुट्टी संपतच नव्हती. म्हटलं, दोघांनाही नवं असेल असं एखादं घर घ्यावं.”

मला त्या स्विचवरच्या पट्ट्या आठवल्या. मी त्यांच्यावर मैत्रिणींत इतकी हसले होते. मी त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला, इतकंच.

राहिलेले दिवस बरे गेले. संडासाचा डबा एकदा त्याने स्वतः रिकामा केला, तोंडावर रुमाल बांधून, एखादं बंदर जिंकल्यासारखा.

परत आल्यावर फ्लॅट विकायचा विषय निघाला नाही. त्याऐवजी मी त्याला म्हटलं, स्वयंपाकघर आता तुमच्या हिशोबाने लावा. त्याने दोन दिवस खपून ते इंजिनरूमसारखं लावलं. मला अजून जिरं सापडत नाही. मी त्याला विचारते, आणि सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मंडळात आता तो या विषयातला जाणकार मानला जातो. कोणी मोटारहोमचं नाव काढलं की तो गंभीरपणे सांगतो, “आधी स्वतःला विचारा, तुम्हाला प्रवास हवाय की घर?” बँकवाला मित्र मान डोलावतो. मिनिमलिझमचं त्याने अजून काही केलेलं नाही. नवा सोफा मात्र घेतलाय.

आणि मी जाते. तोआ पायोहला राहणारी माझी एक मैत्रीण आहे, शाळेतून निवृत्त झालेली, गाडी चालवायला न घाबरणारी. वर्षातून एकदा आम्ही दोघी महिनाभर मोटारहोम घेऊन हिंडतो. डबा आळीपाळीने रिकामा करतो. वरण कलंडलं तर कलंडू देतो. कायमचं राहणं मला जमलं असतं का? बहुतेक जमलं असतं. पण एकटीने नाही, आणि त्याला सोडून तर नाहीच, असं मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग महिनाभर पुरे.”

गेल्या वेळी एका पार्कमधून मी त्याला फोन लावला. समोर समुद्र होता, तो त्याला दाखवायचा होता.

“आता नको,” तो घाईत म्हणाला. “कुकर लावलाय. तिसरी शिट्टी झाली की मीच फोन करतो.”

मी फोन ठेवला आणि वाट बघत बसले.