न धुतलेला स्पंज

तेराव्याच्या दिवशी आम्ही सगळं घर धुतलं. चादरी, पडदे, फडताळं. मेहुणीने माशांच्या टाकीकडे बोट केलं. "भावोजी, हीपण घ्या. आज घरात मागचं काही राहायला नको."

टाकी माझ्या बायकोची. मी तिला कधी हात लावला नव्हता. मासे बालदीत काढले, ते गुदमरतील म्हणून फिल्टरही त्यांच्यासोबत चालू ठेवला आणि तळाची खडी न्हाणीघरात नेऊन कपड्यांच्या पावडरीने घासली, पाणी नितळ येईपर्यंत. मग सगळं परत टाकीत ठेवलं. बऱ्याच दिवसांनी एखादं काम नीट पार पडल्यासारखं वाटलं.

आठ टेट्रा मासे होते. आठवडाभरात तीन गेले. मरणाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. त्यातलं इथे काही उपयोगी पडेना. उरलेले पाच जगवायचे, एवढं मात्र ठरवलं.

पार्ल्यात ती ज्या दुकानात जायची तिथे गेलो. दुकानदाराने तिची चौकशी केली. ती गेल्याचं आणि टाकी धुतल्यापासून मासे मरत असल्याचं सांगितल्यावर त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "खडी कशाने धुतलीत?"

तेही सांगितलं.

"वाट लावलीत ना, काका. त्या घाणीत बारीक जीव असतात, तेच पाणी सांभाळतात. वर पावडर. फेकून द्या ती खडी." मग माझ्या चष्म्याकडे बघत, "तुम्ही काय करायचात?"

"कॉलेजात मराठी शिकवायचो."

"मग बरोबर."

मी पांढरी खडी मागितली. तिच्यावर मळ लगेच दिसेल, असा माझा हिशोब. त्याने चहातली लिंबाची फोड उचलून तिच्यावर पिळली. बारीक बुडबुडे आले. "चुना आहे. पाणी जड होईल, टेट्रांना चालणार नाही." शेजारच्या गोणीतल्या मातकट, नदीच्या खडीवर पिळली, काही झालं नाही. "काकी हीच न्यायच्या. नुसत्या पाण्याने धुवा. आणि टाकीतलं न धुतलेलं काहीच उरलं नाही का?"

मला बालदीत माशांसोबत ठेवलेला फिल्टर आठवला. "स्पंज," मी म्हणालो.

"मग तो नव्या खडीवर पिळा, त्यातले जीव उतरतील, आणि बसा देवाचं नाव घेत. तो नळाखाली धरू नका."

घरी येऊन खडी तांदळासारखी धुतली. पहिलं पाणी चिखल, पाचवं गढूळ, नवव्यात हाताच्या रेषा दिसल्या. मासे बालदीत काढून टाकी पुन्हा पुन्हा विसळली. खडी पसरली, नळाच्या पाण्यातलं औषध उडावं म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी घातलं आणि स्पंज त्या खडीवर पिळला. चहाच्या रंगाचा गाळ सुटला. तिने निदान वर्षभर जपलेला गाळ. माझे हात तो उपसायला निघाले. मी मासे परत सोडले आणि हात पाठीमागे बांधून खुर्चीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा गेला. मी पाणी थोडं बदललं, स्पंज पुन्हा पिळला, खाणं निम्मं केलं. त्यानंतर कोणी गेलं नाही.

महिन्याने मेहुणी आली. "भावोजी, खाली केवढा मळ साचलाय. धुवू का?"

"नको," मी म्हणालो. "रविवारी अर्धाच काढतो. अर्धा राहू द्यायचा असतो."

तिने टाकीजवळ खुर्ची ओढली आणि चिमूटभर खाणं मागितलं. चारही वर आले.