आत्याबाईंनी बांधलेली खोकी

घर हलवायचं ठरलं ते आमच्या मिस्टरांच्या पायामुळे. ते लोणावळ्यात, भुशीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत. आमच्या तिकोणा पेठ गावातून मोटारसायकलने जायचं आणि यायचं, हे त्यांनी सतरा वर्षं केलं. मागच्या एका पावसाळ्यात दुधिवरे खिंडीत धुक्यात गाडी घसरली आणि उजव्या पायाची नडगी मोडली. तीन महिने घरीच होते. प्लास्टर निघाल्यावर एकदा जेवताना म्हणाले, "आपण लोणावळ्यातच राहायला जाऊ. मला आता त्या खिंडीचं भ्या वाटतं." भ्या वाटतं, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

प्रश्न होता आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. उजव्या डोळ्याला काहीच नाही, डाव्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. तो तेवढा उजेड टिकावा म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे. पण गावातल्या घरात नवख्या माणसाला त्यांना दिसत नाही हे सांगावं लागायचं. चुलीपासून दारापर्यंत किती पावलं, दारापासून गोठ्यापर्यंत किती, सगळं त्यांच्या पायात बसलेलं. तांदूळ निवडायच्या, शेळी सोडायच्या, कोण आलं ते चालीवरून ओळखायच्या.

थोरले दीर शेजारच्याच खोल्यांत राहतात. ते म्हणाले, "आई माझ्याकडं ऱ्हाईल. तिला कशाला जिन्यात चढवता?" सगळ्यांना ते पटलं. आत्याबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी मुलांना काही विचारलं नाही, मला विचारलं, "तू कुटं चाललीस?"

"लोणावळ्याला."

"मग मी बी."

एवढ्यावर तो विषय संपला. मला बरं वाटलं आणि धडकीही भरली.

मी गावात शिवणकाम करते. नेमकी लग्नसराई होती आणि वीसेक ब्लाऊज अर्धवट पडले होते. ते देऊन मगच निघायचं, असा माझा हट्ट. एकीकडे हुक लावायचे, दुसरीकडे भांडी कागदात गुंडाळायची. बायका ब्लाऊज न्यायला यायच्या आणि "मग, जाणार का खरंच?" म्हणून तासभर बसायच्या. मिस्टरांनी ओळखीच्या एका चिक्कीच्या दुकानातून रिकामी खोकी आणली. चांगली जाड, पण कोपऱ्यांत गूळ चिकटलेला. दोन दिवसांत सगळ्या घरात मुंग्यांची रांग लागली. मी भरलेली खोकी पुन्हा रिकामी केली, उन्हात झटकली, पुन्हा भरली. पाटा न्यायचा की नाही यावरून मिस्टरांशी भांडले आणि शेवटी तो जाऊबाईंकडे ठेवून दिला. पायामुळे त्यांना वाकता येत नव्हतं, हे कळत असूनही मी त्यांच्यावर चिडत होते. त्या दिवसांत माझ्या तोंडून धड शब्द निघत नव्हता.

आत्याबाई मधून मधून विचारायच्या, "मला काय काम सांगतीस?"

"तुमी बसा, आत्याबाई."

दिवसातून दहा वेळा मी हेच म्हणत असेन. त्या बसायच्या, मग हळूच उठून खोक्यांपाशी यायच्या आणि मी काय भरतेय ते चाचपायच्या. मशीनशेजारी माझ्या कातरणीची पिशवी असायची. तिच्यातून कापडाच्या पट्ट्या काढून, बोटांत चोळून, त्या खोक्यांच्या दोऱ्यांना बांधत बसायच्या. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून काहीतरी चाळा. चला, हात गुंतलेत तेवढंच बरं, असं मनात म्हणून मी माझ्या कामाला लागायचे.

टेम्पो रविवारचा ठरला होता. शुक्रवारी संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला. रविवारी त्याला लग्नाचं वऱ्हाड मिळालं होतं. उद्या सकाळी सातला येतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यापर्यंत मिस्टरांची रजा नव्हती. उद्याच ये म्हणून सांगितलं आणि घराचं अगदी रणांगण झालं. सकाळी मी एकेका खोक्याला नव्याने टेप मारत सुटले. त्या पट्ट्या मध्ये येत होत्या, टेपखाली चुरगळत होत्या. मी कात्री घेतली आणि सगळ्या कापून टाकल्या.

ओट्यावरून आत्याबाईंनी विचारलं, "काय कापतीस गं?"

"ह्या चिंध्या लोंबत्यात, टेम्पोत अडकतील."

त्या म्हणाल्या, "बरं."

निघताना रडारड होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जाऊबाईंनी पिठलं-भाकरीचा डबा दिला, दिरांनी आईला उचलून ड्रायव्हरशेजारी बसवलं. खिंड येईपर्यंत त्या ड्रायव्हरला त्याच्या बायकोचं माहेर कुठलं, मुलं किती, हे विचारत होत्या. मी मागून मोटारसायकलवर मिस्टरांच्या पाठीशी, शिलाई मशीनचं वरचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते; खिंडीत त्यांनी गाडी अगदी हळू घेतली. ते मी टेम्पोत टाकू दिलं नव्हतं.

नवीन जागा दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि छोटी गॅलरी. हमालांनी एकतीस खोकी बाहेरच्या खोलीत एकावर एक रचली आणि गेले. मी प्रत्येक खोक्याच्या टेपवर स्केचपेनने लिहिलं होतं, पण ते सगळं घासून पुसलं गेलं होतं. राहिलं होतं फक्त दुकानाचं छापील नाव, सगळ्यांवर सारखं.

संध्याकाळचे सहा वाजले. थेंबांची वेळ. औषधाची बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच डब्यात, आणि तो डबा एकतिसातल्या कुठल्या तरी खोक्यात. मी एक खोकं फोडलं, ताटं. दुसरं, चादरी. तिसऱ्यात चपला आणि खलबत्ता. पाच खोकी फोडून झाली तरी डबा नाही. मिस्टर म्हणाले, "मेडिकलमध्ये जाऊन बघतो," पण औषधाचं नाव त्यांनाही आठवत नव्हतं. मला एकच दिसत होतं, की आत्याबाईंच्या डोळ्यात उरलेला एवढासा उजेड आज माझ्यामुळे जाणार.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "थांब. मला तितं ने."

मी हात धरून नेलं. त्यांनी पहिल्या खोक्याच्या कडेवरून बोटं फिरवली, मग दुसऱ्याच्या. "एखादी पट्टी ऱ्हायली का गं कुटं?"

तेव्हा मला कळलं. तरी मी विचारलं, "कसल्या पट्ट्या हुत्या त्या?"

"सुती बांधली ती भांड्याची. खणाची ती देवाची. तुझं ते गुळगुळीत कापड असतंय ना, ती कपड्याची. आनि अस्तराची जाडी-भरडी ती माझ्या औषधाची. तू लिव्हतीस ते मला कुटं वाचाया येतंय? म्हनलं आपली आपल्यापुरती खूण."

"मग मी कापत हुते तवा का न्हाई बोलला?"

"तू लय दमली हुतीस," त्या म्हणाल्या. "त्यात आनि मी कुटं."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना दिसत नव्हतं म्हणून बरं. त्या मात्र कामाला लागल्या होत्या. खोकं दोन्ही हातांनी जरा हलवायचं, कान लावायचा, कडेला नाक न्यायचं. "ह्यात पितळ हाय. हे न्हाई. ह्यात तुझी पुस्तकं न्हाईतर पेपर. हे हलकं हाय, उश्या आसत्याल." मिस्टर आणि मी त्या सांगतील तसं खोकं बाजूला करत होतो. अकराव्या की बाराव्या खोक्याशी त्या थांबल्या. "ह्याला बामाचा वास येतोय. फोड."

वरच डबा होता, शेजारी त्यांच्या बामाची बाटली.

मी घाईघाईने थेंब घालायला बसले. पहिला थेंब गालावर पडला. आत्याबाई हसल्या. "गालाला काचबिंदू झाला न्हाई अजून," म्हणाल्या. मग मीही हसले आणि दुसरा थेंब नीट पडला.

पुढचे काही दिवस वाईट गेले. गावातल्या घरात शेणाची जमीन कुठं संपते, फरशी कुठं सुरू होते, ते पायाला कळायचं. इथं सगळीकडे एकच गुळगुळीत लादी आणि सगळ्या भिंती सारख्या. आत्याबाई बेसिनवर आदळायच्या, बाथरूमऐवजी गॅलरीच्या दाराशी जायच्या. एका दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर मधल्या बोळात तळहात भिंतीला लावून नुसत्या उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"हाक का न्हाई मारली, आत्याबाई?"

"कुटं आलेय तेच कळंना. काय म्हनून हाक मारू?"

त्या दिवसापासून मी सकाळी कामाच्या आधी त्यांच्याबरोबर घरभर चालायला लागले. पलंगापासून दार सहा पावलं, दारापासून मोरी चार. त्या मोजायच्या, मी नुसती बरोबर. पंधरवड्यात त्यांना घर पाठ झालं. गॅसची शेगडी सुद्धा. मला मात्र ते काही केल्या आपलं वाटेना.

गावात मशीन दारातच असायचं. जाणारी-येणारी बाई थांबायची, बोलायची, कापड टाकून जायची. इथं सगळी दारं बंद, आणि कोणाला माहीतच नाही की मी शिवते. मी रोज मशीन पुसायचे आणि झाकून ठेवायचे.

"आज बी बंदच?" एका दुपारी आत्याबाईंनी विचारलं.

"काम न्हाई."

"काम न्हाई का मन न्हाई?"

मला रडू आलं, तेही आवाज न करता, पण त्यांना ते कळलंच. त्या जवळ येऊन बसल्या आणि बोलायला लागल्या. त्यांचं माहेर पवना धरणात गेलं, हे मला ठाऊक होतं. पण त्याबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"पानी याच्या आदी आमची आई गाठोडी घेऊन निघाली. मी नुकती लगीन होऊन हिकडं आलेली. मी बगाया गेले तर ती पत्र्याच्या शेडात बसलेली, आनि सगळी गाठोडी तशीच बांधलेली. एक महिना झालता. शेजारणीच्या भांड्यात रांधायची, पर आपलं गाठोडं सोडायची न्हाई. सोडलं की आपन हितलं झालो म्हनायची."

"मग?"

"मग काय. धाकट्या भावास्नी भूक लागायची. पीठ गाठोड्यात हुतं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझं बी एखादं बांधलेलं ऱ्हायलं आसंल."

राहिलं होतं. दोऱ्याची रिळं, बॉबिन, खडू, कात्र्या, सगळं एका खोक्यात पलंगाखाली जसंच्या तसं. ते उघडलं नव्हतं आणि उघडलं नाही हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून ते फोडलं. आत्याबाई रिळं जाडीप्रमाणे लावत होत्या, मी रंगाप्रमाणे. त्यावरून आमची थोडी वादावादीही झाली. शेवटी त्यांच्याच पद्धतीने लावली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला त्यांना खाली न्यायला लावलं. कठडा धरून एकेक पायरी उतरल्या आणि तळमजल्यावर ऊन खात बसलेल्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही. मी वर निघून आले होते.

चार दिवसांनी दारावर टकटक झाली. तळमजल्यावरची एक बाई, हातात ब्लाऊज. मुंढ्यात, बाहीच्या जोडाशी घट्ट होतोय, शिवण सोडून मिळेल का विचारत होती. मी तिला आत घेतलं, मापाचा टेप काढला. ती इकडे तिकडे बघत म्हणाली, "नवीन दिसता. कुठले तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, "आमी तिकोन्याच्या पायथ्याचं. आता हितलंच." आणि पाठोपाठ पातेलं ठेवल्याचा आवाज. "चा तिघींचा ठेवू का दोघींचा?"


"तिघींचा ठेवा," मी म्हणाले.