नोंदवहीतले गुआयाकनाल

बुधवार, १७ जुलै १९९१. सकाळी नोटरीकडे सात कागद. शाईची फीत बदलली. दुपारी सव्वाबाराला ओल्मेदोची बहीण एदिल्मा गावाहून आली. केळीच्या पानात बांधलेल्या गुळाच्या दोन ढेपा आणल्या, एक मला. त्यांच्या गुऱ्हाळाचे नाव नोंदवायचे आहे. ते नाव मिळणार नाही.

त्या दिवसाची माझी नोंद एवढीच आहे. बाकीचे कळायला मला महिना लागला. ओल्मेदो पिन्सोन वारला त्याला आता सहा वर्षे झाली, आणि त्याच्याविषयी कोणी चार ओळी लिहील असे वाटत नाही. म्हणून मी लिहिते.

पनामा शहरातल्या ज्या वकिलाच्या कचेरीत मी एकतीस वर्षे टंकलेखन केले, तिथे तो कारकून होता. उंच, थोडा वाकलेला, शर्टाच्या बाह्या कायम इस्त्रीच्या. आमच्या कचेरीचे काम परदेशी लोकांसाठी कंपन्या नोंदवण्याचे. स्वतः कोणी येत नसे, पत्रे येत. जिनिव्हाहून, हाँगकाँगहून, मायामीहून. त्यांना घाई फार. म्हणून आमचे वकील ग्राहालेस, ज्यांना सगळे लिसेन्सियादो म्हणजे वकीलसाहेब म्हणत, वीस-वीस कंपन्या आधीच नोंदवून कपाटात ठेवत, जसे शिंपी तयार शर्ट टांगून ठेवतो. पत्र आले की नावांची यादी पाठवायची. गिऱ्हाईक त्यातले एक नाव निवडी आणि ती कंपनी त्याची होई.

अडचण नावांची. निबंधकाच्या कचेरीत एक नाव दोनदा देत नाहीत. समुद्र, तारे, विश्व, सूर्य यांची नावे केव्हाच संपली होती. दर आठवड्याला आमचे निम्मे अर्ज परत येत, आणि कधी कधी तर दुसऱ्या कचेरीचा वकील भांडायला येई की तुमचे नाव आमच्या नावासारखे दिसते. मग ओल्मेदो नावे द्यायला लागला, आणि त्याचे एकही नाव कधी परत आले नाही. लिसेन्सियादो म्हणायचे, "हा माणूस नावं कुठून खणून काढतो देव जाणे."

ती त्याच्या गावाची नावे होती. ओढे, चढ, नदी ओलांडायची उथळ जागा, आंब्याची राई, एका म्हातारीचे परसू. १९७४ साली धरणाचे पाणी चढले आणि गुआयाकनाल त्याखाली गेले. सरकारने वरच्या डोंगराला पत्र्याची घरे बांधून दिली आणि पाटी लावली, 'नवे गुआयाकनाल'. ओल्मेदो तेव्हा शहरातच होता. निरोप पोचेपर्यंत चर्चची घंटाही उतरवून झाली होती. त्याला शेवटचे पाहायला मिळाले नाही. हे त्याने मला एकदाच सांगितले, डब्यातला भात आणि तुरीचे दाणे खाताना, आणि मग चमचा धुवायला उठून गेला.

आता एदिल्माच्या कामाविषयी. वरच्या जमिनीवर त्या लोकांनी ऊस लावला होता. सतरा घरांनी मिळून गुऱ्हाळ घातले, गूळ चांगला उतरला, आणि शहरातला एक मोठा दुकानदार तो घ्यायला तयार झाला. पण वेष्टनावर नोंदवलेले नाव पाहिजे म्हणाला. त्यांनी एकमुखाने ठरवले, गुआयाकनाल.

"घेतलेलं आहे म्हणजे?" एदिल्माने विचारले. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती. "कोणी घेतलं?"

"एका कंपनीने," ओल्मेदो म्हणाला.

"कुठल्या?"

"परदेशी आहे."

"त्या परदेशी माणसाला आमचं गाव कुठे होतं ते तरी ठाऊक आहे का?"

"नाही."

"मग त्याला नाव सापडलं कसं? स्वप्नात आलं?"

ओल्मेदोने कॉफी ढवळली. तिच्यात साखर नव्हतीच.

"'नवे गुआयाकनाल' केलं तर लगेच मिळेल," मी म्हणाले.

"नवे काय आहे त्यात, बाई? पत्रे नवे. आम्ही जुनेच आहोत. ज्यांनी खालचं गाव पाहिलंय असे अकरा जण उरलेत. त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला पाहिजे."

ती गेल्यावर ओल्मेदो जुन्या फायलींच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग मीच कार्ड काढून पाहिले. गुआयाकनाल एस. ए., ९ डिसेंबर १९७७. टंकलेखन माझेच. विसांच्या गठ्ठ्यातले विसावे.

"तीन वर्षं मी ते दिलं नव्हतं," तो दारातून म्हणाला. "सगळी नावं दिली, ते मागे ठेवलं. त्या दिवशी एकोणीसच भरली होती आणि साडेचारला निबंधकाची खिडकी बंद होणार होती."

"पण मुळात दिलीस कशाला रे?"

"सरकारी वहीत राहतील म्हणून. वही बुडत नाही."

कंपनीचा मालक कोण, हे आम्हालाही ठाऊक नव्हते. समभागांचे कागद ज्याच्या हातात तो मालक, अशी तेव्हा पद्धत होती. आम्हाला फक्त जिनिव्हाच्या एका मध्यस्थाचा पत्ता माहीत. एदिल्माने हट्टाने अर्ज घातला, तेव्हा निबंधकाने त्या कंपनीला नोटीस काढली: तुम्ही नाव ठेवणार का सोडणार, तीस दिवसांत कळवा, न कळवल्यास नाव अर्जदाराला देण्यात येईल. नोटीस आमच्याच पत्त्यावर आली. ओल्मेदोने ती त्याच दिवशी जिनिव्हाला पाठवली आणि वाट पाहायला लागला. मुदत २२ ऑगस्टला संपत होती. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात तो शिट्टी वाजवू लागला. चौथ्यात त्याने एदिल्माला निरोप धाडला की वेष्टनाचा कागद कुठला घ्यायचा ते बघून ठेव.

ओल्मेदोची एक सवय होती. कोणताही कागद आला की तो आधी त्यावर तारखेचा आणि वेळेचा शिक्का मारायचा आणि मग वाचायचा. लिसेन्सियादोंचे प्रेमपत्र आले असते तरी त्याने आधी शिक्का मारला असता. २१ ऑगस्टला अकरा वाजून दहा मिनिटांनी फॅक्स आला. त्याने शिक्का मारला. मग वाचले.

एकच ओळ होती. नाव आमच्याकडेच राहील.

लिसेन्सियादो कोलोनला गेले होते. खोलीत आम्ही दोघेच.

"मला काही दिसलं नाही," मी म्हणाले. "हे मशीन रोज एक तरी कागद खातं."

"खातं. हा नाही खाल्ला."

"दीड दिवसाचा प्रश्न आहे, ओल्मेदो. परवा नाव तुमचं."

"आणि तुम्ही संध्याकाळी वहीत काय लिहिणार, सोराइदाबाई?"

"आज नाही लिहिणार."

"तुम्ही? तुम्ही कांद्याचा भावसुद्धा चुकवत नाही."

मी हसले, तो हसला नाही. त्याने तो कागद टेबलावर ठेवला, त्यावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला. डबा उघडला नाही. दोनदा खाली वाकून त्याने कचऱ्याची टोपली जवळ ओढली आणि परत ढकलली. मी टंकलेखन करत राहिले, आणि नंतर पाहिले तर त्या पानावर नऊ चुका होत्या. दोन वाजता त्याने टोपी घातली.

"नाव वहीत घातलं ते वहीवर भरवसा होता म्हणून," तो म्हणाला. "आता मीच ती खोटी केली तर मग त्यात काय उरलं?"

तीन वाजता तो परत आला तेव्हा निबंधकाची पोच त्याच्या खिशात होती.

रविवारी त्याने मला बरोबर नेले. कागदोपत्री कोणी काही विचारले तर सांगायला, असे म्हणाला. मला वाटते एकट्याने जायचा धीर नव्हता. गुऱ्हाळाच्या छपराखाली सगळे जमले होते. वेष्टनाचा तपकिरी कागद कापूनही ठेवला होता. ओल्मेदोने उभे राहून सगळे सांगितले, ती नावे आपणच दिली हेही न लपवता.

मग एदिल्मा म्हणाली, "नदीसुद्धा?"

"नदी पंचाहत्तर सालीच गेली. हाँगकाँगला."

"आणि आपला चढ?"

"मायामीला."

"बरा गेला. आपल्यापैकी कोणाला व्हिसा मिळाला नाही."

मागे एक म्हातारा खो खो हसला, मग आणखी दोघे हसले. एदिल्मा हसली नाही.

"तू तिथे खुर्चीवर बसून एकट्याने अख्खं गाव वाटून टाकलंस," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, तू विसरलास. विसरला असतास तर बरं झालं असतं रे."

"मला वाटलं, असं केलं तर ते कुठेतरी राहील."

"राहिलं ना. त्यांच्याकडे."

तिने कापलेल्या कागदांचा गठ्ठा उचलला, कडा जुळवल्या आणि माझ्याकडे पाहिले. "लिहा, बाई. 'नवे' लिहा. आम्ही अकरा जण गेलो की पोरांना तेच खरं वाटणार आहे."

अर्ज ओल्मेदोच भरायला बसला. तारीख घातली, एदिल्माचे नाव घातले, नावाच्या रकान्यापाशी आल्यावर त्याने पेन माझ्याकडे दिले. मी लिहिले. एदिल्माने सही केली, आणि जाताना त्याला ढेप दिली नाही, मला दिली.

बसला तासभर अवकाश होता म्हणून आम्ही उतारावरून पाण्यापर्यंत गेलो. त्याने टोपी काढली आणि समोर बोट दाखवत हळूहळू नावे म्हणायला सुरुवात केली, वरच्या ओढ्यापासून नदीच्या खालच्या उथळ जागेपर्यंत. ती सगळी नावे मी टंकली होती, कार्डावर लावली होती, पण अक्षरांच्या क्रमाने. प्रवाहाच्या क्रमाने मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. मधे एकदा तो अडला. दोन ओढ्यांमधले काहीतरी त्याला आठवेना. मला आठवत होते, पण मी बोलले नाही. थोड्या वेळाने त्याला ते सापडले आणि तो पुढे गेला. शेवटचे, गावाचे नाव मात्र त्याने म्हटले नाही.

त्या संध्याकाळी मी घरी आल्यावर वहीत एवढेच लिहिले: गॅसची टाकी बदलली. जुनी दोन महिने नऊ दिवस पुरली.