तंबाखूचा अर्क आणि हिचं नाक

सिगारेट सोडून दहाच दिवस झाले होते आणि माझं डोकं सतत फिरलेलं असायचं. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, छातीचा एक्स-रे पाहून चेहरा असा केला की घाबरून मी व्हेपवर आलो. वाफ म्हणजे काही अमृत नव्हे, हे मलाही कळतं. पण व्हेपमध्ये भरायचं तयार लिक्विड जळक्या साखरेसारखं लागायचं. शेवटी तंबाखूच्या पानांचा अर्क मागवला आणि न्यूनेन या डच गावातल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये स्वतःच मिश्रण करायला बसलो.

अर्क काकवीसारखा काळसर. काट्यावर थेंब मोजून बिनवासाच्या पातळ बेसमध्ये घातले, बाटली हलवली आणि लगेच झुरका घेतला. ओला पुठ्ठा, वर औषधाचा वास! मी चिडून बाटली कचऱ्यात टाकायला निघालो.

"थांब," बायको म्हणाली. हिला तंबाखूचा मनस्वी तिटकारा, पण नाक असं की गोड्या मसाल्यातलं दगडफूल जरा करपलं तरी वरच्या मजल्यावरून ओरडते. तिने बाटली हुंगली. "लोणचं घातल्या दिवशीच त्याला नावं ठेवतोस का? मुरू दे की." बरणीला लावते तशी तारखेची पट्टी लावून तिने बाटली फडताळात ठेवली.

पुढचे तीन आठवडे कसे काढले ते माझं मला ठाऊक. अर्क फसला तर असावं म्हणून सायकलच्या पिशवीत तळाशी सिगारेटचं एक पाकीट दडवलं होतं. ऑफिसच्या वाटेवर रोज हात तिथवर जायचा.

मग एका रविवारी तिने बाटली काढली. कागदाच्या पट्टीवर थेंब घेतला, हुंगला, थोडं थांबून पुन्हा हुंगला. "आधी सुकं गवत. मग खारीक. शेवटी कडवट, पण जळकं नाही. अरे, मस्त आहे हे!"

मी झुरका घेतला. ती म्हणाली होती अगदी तसंच, त्याच क्रमाने. औषधाचा वास कुठल्या कुठे गेला होता. इतक्या निगुतीने केलेली वस्तू मी पहिल्याच दिवशी फेकणार होतो! अर्काचं कौतुक करावं की हिच्या नाकाचं, मला कळेना.

"आता ते पाकीट आण."

"कुठलं?"

"सायकलच्या बॅगेतलं. ओरिजिनलशी कम्पेअर केल्याशिवाय टेस्ट पूर्ण कशी होणार?"

मी पाकीट आणून टेबलावर ठेवलं. तिने ते हुंगलं नाहीच. वरचं पारदर्शक वेष्टन बोटांनी चारी बाजूंनी चाचपत राहिली.

"आजही फोडलं नाहीस," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "रोज तू आंघोळीला गेलास की बघून यायचे."

मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसलो.

"मग, उघडू?" तिने विचारलं.

"नको," मी म्हणालो, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते खरं होतं.