बाकड्याचं सिंहासन

कुडाळच्या एसटी स्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काजळ होतं. जत्रेतला दशावतार पहाटे संपला होता. राणीचं लुगडं फेडून, तोंडाला खोबरेल तेल चोळून ते तसेच निघून आले होते. कानामागचा पांढरा रंग राहिलाच होता. समोर बसलेली कॉलेजची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होती. बाबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "चेडवा, थंयसर कोणी इचारल्यानी कोणाचा गो तू, तर मान खाली घालू नको. सांग, दशावताऱ्याचा."

गाडी सुटली तेव्हा आई रडत होती. बाबा मात्र राणी राजाला युद्धावर पाठवते तसे, एक हात किंचित वर करून उभे होते. त्या हाताची ऐट मी कधी विसरले नाही.

गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. आम्ही शहरात येऊन काय झालो, हे तुम्ही नेहमी विचारता. मी काय झाले नाही, तेही सांगायला हवं.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शाळेतल्या मराठीच्या बाईंनी मला घरी बसवून शुद्ध बोलायला शिकवलं, कॉलेजच्या सरांनी एकांकिकेत उभं केलं. त्यांचे उपकार मी मानते. त्या शिदोरीवर मी दहिसरला मावशीकडे आले. नदीच्या बाजूची चाळ, एक खोली, माझी गादी शिलाई मशीनच्या पायाशी. सकाळी बोरिवलीच्या एका शाळेत मुलांना नाटक शिकवायचं आणि दुपारी अंधेरीला ऑडिशन द्यायची, असं ठरवून टाकलं. आजही तेच चाललं आहे. गादी तेवढी खिडकीपाशी सरकली आहे.

अंधेरीत मला पहिल्याच महिन्यात माझी जागा दाखवण्यात आली. "टोन थोडा गावचा आहे ना तुझा, कामवालीसाठी परफेक्ट," कास्टिंगवाला प्रेमानंच म्हणाला. मी कामवाली केली. पुन्हा कामवाली केली. एकदा चक्क कोकणातल्या बाईचं काम आलं. मी मनापासून मालवणीत बोलले, तर दिग्दर्शकानं मध्येच थांबवलं. "यार, हे फारच खरं वाटतंय. सिरीयलमधली गावची भाषा बोल ना." आता ती भाषा कुठल्या गावात बोलतात हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही.

एका अभिनय शिबिरात आम्हाला बाईची चाल शिकवत होते. माझी पाळी आली. मी चालून दाखवलं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुणाकडे शिकलीस गं?" मी म्हटलं, "बाबांकडे." मग हशा झाला. हसू देत. डोक्यावर भरलेली कळशी आहे आणि मागून कोणीतरी बघतंय हे आपल्याला माहीत आहे, असं चालायचं, हे मला एका पुरुषानं आमच्या सारवलेल्या अंगणात शिकवलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पण खरी लढाई अंधेरीत झाली नाही, ती दहिसरला झाली, आणि आपल्याच माणसांशी.

आमच्या गावकऱ्यांचं मंडळ दरवर्षी इथल्या एका शाळेच्या सभागृहात दशावतार करतं. कोणी रिक्षा चालवतो, कोणी बँकेत शिपाई आहे, कोणी पवईला इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. पेटी वाजवणारे नानाकाका सगळ्यांचे प्रमुख. यंदा त्यांनी गावाहून खास बाबांना राणीसाठी बोलावलं होतं. बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. ही त्यांची शेवटची राणी, हे सगळ्यांनाच कळत होतं. मला त्या खेळात त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं. पुढे संधी नव्हती.

मी नानाकाकांना सरळ विचारलं, "राजा मी करते."

"खुळावलंस काय? दशावतारात बायलमाणूस नाय."

"राणी कोण करतं? बाबा. बापयो राणी झालेलो चालता, मग बायल राजा झाली तर काय वाईट?"

नानाकाका पेटीच्या पट्ट्या पुसत राहिले. मग म्हणाले, "मिशी लावलंस म्हणान राजा व्हतलंस. पण बोलतलंस काय? हंयसर काय लिवलेला नसता. तू शिकलेला चेडू. तुका कागद लागता." शेवटी, कदाचित मी पुन्हा पुन्हा त्यांच्या दारात उभी राहिले म्हणून, ते वैतागून म्हणाले, "कर. पण अडाकलंस, तर परत या मंडळात बायलमाणसाचा नाव काढूचा नाय. तुझा नाय आणि कोणाचाच नाय."

म्हणजे आता प्रश्न माझ्या एकटीचा उरला नव्हता.

दशावतारात गोष्ट ठरलेली असते, पण संवाद कुणी लिहून देत नाही. समोरचा काय विचारेल ते तिथंच ऐकायचं आणि तिथंच उत्तर द्यायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही मी केलं काय, तर शिकलेल्या मुलीनं करावं तेच. राजाची भाषणं रचली आणि पाठ केली. बाबा गावाहून आले तेव्हा मी चाळीच्या गॅलरीत तीच घोकत होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरा बोलतंस. आता मी दुसराच काय तां इचारतलंय."

"बाबा, असं करू नका!"

"मगे राजा कित्याक होतंस? टीव्हीर बातम्या दी."

मावशी पदरात तोंड लपवून हसत होती.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. रंगमंचावर सिंहासन म्हणून नेहमीसारखं बाकडं होतं. इथं ते शाळेचंच होतं, मुलांनी कर्कटकानं नावं कोरलेलं. मी मिशी लावून आले तेव्हा मागून आवाज आला, "अरे, ही तर आपली नाटकाची टीचर!" हशा झाला. मी तलवारीवर हात ठेवून थांबले. हसणं संपलं. मग राणी आली. गुडघे दुखत होते, पण कळशीतलं पाणी हिंदकळलं नाही.

पाठ केलेली भाषणं चालली थोडा वेळ. मग बाबांनी शब्द पाळला. राणीच्या त्या भरजरी मराठीत त्यांनी विचारलं, "महाराज, आपण राजधानी सोडून परमुलखी गेलात. तिकडचे लोक आपल्याला आपलं म्हणत नाहीत, आणि इकडे आपली वाट पाहून आमचे डोळे थकले. आम्हां स्त्रियांना सासर असतं, माहेर असतं. आपलं घर कोणतं?"

हे नाटकात कुठंच नव्हतं. मी राणीकडे पाहिलं. काजळाखालचे डोळे राणीचे नव्हते. नानाकाकांनी पेटीचा सूर धरून ठेवला होता. तो सूर किती लांबणार, एवढंच सगळं सभागृह ऐकत होतं. पाठ केलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. माझ्या मागं ते बाकडं होतं. मी वळले आणि त्यावर बसले.

"राणीसाहेब," मी म्हटलं, "हे सिंहासन जिथं मांडलं जाईल, तिथं आमचं घर. त्यासाठी आम्ही कुणाची परवानगी मागत नाही. आणि ज्याला हे बाकडं दिसत असेल, त्यानं खुशाल बाकडं म्हणावं!"

सभागृह उसळलं. टाळ्या थांबेपर्यंत राणी तशीच उभी होती. मग कमरेवर हात ठेवून तिनं सगळी भरजरी मराठी सोडून दिली. "मगे महाराज, जरा सरका. माका पण बसाक जागा होयी."

मी सरकले. दशावतारात राणी राजाच्या शेजारी अशी पाय लांब करून बसत नाही. आमची बसली.

खेळ संपल्यावर नानाकाका पेटी बांधत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फुडल्या वेळाक मिशी घट्ट चिकटय. डावीकडसून सुटलेली."

फुडल्या वेळाक. मी तेवढंच ऐकलं.

बाबा त्याच रात्री गावी परतले. त्यांना सोडायला मी तशीच गेले, मिशीचा डिंक ओठावर ठेवून. घर म्हणजे काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी कुडाळ म्हणत नाही, दहिसरही म्हणत नाही. जिथं कुणी म्हणेल इथं तुझं काम नाही, तिथं मी आधी बसायला बाकडं शोधते. आणि बसताना थोडी सरकून बसते. शेजारी कोणाला तरी जागा लागते.