वसंताच्या दारावरचं तोरण

दिवाळीची भेट म्हणून मी एकदा जिवलग मित्राच्या दारावर जिवंत किडे टांगून आलो. वैऱ्याच्या दारावर टांगले असते, तर लोकांनी निदान माझ्या डोक्याचं कौतुक केलं असतं.

तेव्हा चांदा जिल्ह्याचे अजून दोन जिल्हे झाले नव्हते आणि मी आरमोरीला मास्तर होतो. देश स्वतंत्र होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मास्तरांचा पगार अजून वेळेवर यायला शिकला नव्हता. त्या दिवाळीलाही तो आला नाही. आला तो वसंताचा निरोप. वसंता म्हणजे शिकत असताना माझ्याबरोबर एका ताटात जेवलेला मित्र. तो वरोऱ्याला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होता, पण कच्चा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जिनाचे शेठ त्याच्या घरी पानसुपारीला येणार होते आणि दिवाळीनंतर त्याला पक्कं करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार होते. ‘तू ये, मले धीर राह्यते,’ असा निरोप.

"रिकाम्या हातानं मी येनार नाई," सुमन, म्हणजे आमची बायको, म्हणाली. "मागच्या साली त्याहीनं मले लुगडं देल्लं. आता काय तोंड दाखवाले जाऊ?"

दुकानातून काही आणणं शक्य नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात कल्पना आली (माझ्या कल्पना पगार अडला की हमखास येतात). आमचं घराणं कोशाचं. थोरले भाऊ जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावी ऐनाच्या झाडांवर रेशमाचे किडे पाळत. त्या किड्यांच्या कोशांचं (आम्ही त्यांना कोसे म्हणतो) तोरण करून न्यायचं. दिसायला देखणं, जंगलातलं अस्सल, आणि वरोऱ्याच्या कापूसवाल्यांनी जन्मात न पाहिलेलं!

मी गावी जाऊन वहिनींना म्हणालो, "भेट द्यायची आहे. चांगले चांगले कोसे निवडून द्या."

वहिनींनी खरंच निवडून दिले. कोंबडीच्या अंड्याएवढे, टणक, एकावर डाग नाही. सुमनने ते देठांनी सुतळीत ओवले, मधे झेंडूची फुलं लावली. ओवता ओवता तिने एक कोसा कानाशी हलवून पाहिला.

"अवो, हे उकडले हायेत नं?"

प्रश्न रास्त होता. कोशात किडा झोपलेला असतो. कोसे उकडले नाहीत, तर तो पाखरू होऊन भोक पाडून बाहेर येतो.

"कोशातलं तू मला शिकवतेस?" मी म्हणालो. "मी कोशाच्या घरात जन्मलो आहे." (जन्मलो होतो हे खरं. पण उकडायची वेळ आली की त्या वासाला भिऊन मी अभ्यासाचं निमित्त काढून पळत असे.)

मोटार, मग रेल्वे, असं करत आम्ही वरोऱ्याला पोचलो. वसंताने तोरण पाहून मला मिठी मारली आणि लगेच दारावर बांधलं. त्याची आई बाहेर आली. तिने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"देवराव, सनासुदीच्या दिवशी दारावर अंडी काऊन टांगली बाबा?"

"अंडी नाहीत, आई. कोसे आहेत. यातूनच पितांबर निघतो."

"मंग पितांबरच आनाचा होता नं," म्हातारी म्हणाली आणि आत गेली. सुमन माझ्याकडे बघत होती. मी झेंडूची फुलं नीट करत राहिलो.

दिवे लागले, पूजा झाली आणि शेठ आले. पांढरं धोतर, पांढरा कोट, पांढरी टोपी. वसंताने आत गादी घातली होती, पण शेठना वारा हवा होता. ते खुर्ची ओढून नेमके तोरणाखाली बसले.

पान हातात घेतात न घेतात तोच त्यांच्या टोपीवर एक थेंब पडला. तपकिरी. शेठनी टोपी चाचपली.

"वसंतराव, छप्पर गळून राह्यलं का?"

"नाई शेठजी, आता कायचा पाऊस?"

दुसरा थेंब पडला. मी वर पाहिलं. एका कोशाचं टोक ओलं झालं होतं आणि त्यातून दोन केसाळ पाय बाहेर येऊन जागा शोधत होते. पाखरू निघण्याआधी कोसा असाच भिजतो, हे मी लहानपणी हजार वेळा पाहिलेलं होतं.

"शेठजी, आत बसा, वारा बाधेल," मी म्हणालो.

"वाऱ्यासाठीच तं इथी बसलो, गुरुजी."

मग मी गप्पा मारत राहिलो. शाळा, पाऊस, धान, जे सुचेल ते बोललो, म्हणजे शेठ वर पाहणार नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते आणि मी वर पाहत होतो. तेवढ्या वेळात पाच-सहा पाखरं निघाली, चुरगळलेले पंख लोंबकळवून वाळवत बसली, आणि पंख पुरे पसरले तेव्हा एकेक पाखरू तळहाताएवढं झालं. पहिलं उडालं ते थेट दिव्यांवर. फडफड करत त्याने दोन पणत्या विझवल्या. लक्ष्मीपूजनाला!

वसंताची बायको केरसुणी घेऊन धावली आणि मधेच थबकली. घटकेपूर्वी त्याच केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहिलेलं. तिने मारायचं तरी कसं? ती केरसुणी छातीशी धरून उभी राहिली. वसंताचा चेहरा पणतीसारखाच विझला होता. त्याची नोकरी माझ्या तोरणातून एकेक पाखरू होऊन उडून जात होती आणि मी रडण्याच्या बेतात होतो.

तेवढ्यात एक मोठं, पिवळंजर्द पाखरू खाली आलं आणि शेठच्या टोपीवर बसलं.

"अरे, ये क्या है? निकालो, निकालो!" शेठ ओरडले.

"हलू नोका, शेठजी!" आतून म्हातारीचा आवाज आला. ती हात जोडूनच बाहेर आली. "पिवळं पातळ नेसून लक्ष्मी आली हाये. एवढे जन बसले हायेत, पन कोनाच्या डोक्यावर बसली पाहा. हाकलसान तं जाईन."

शेठ हलले नाहीत. श्वाससुद्धा बेतानेच घेत होते. मग मान ताठ ठेवून उठले, टोपीला हात न लावता पायरी उतरले, आणि भर बाजारातून तसेच पेढीवर गेले. पुढे आमचा वसंता आणि मागे टोपीवर लक्ष्मी घेतलेले शेठ, अशी ती मिरवणूक होती.

"आई, तुले खरंच लक्ष्मी वाटली का?" परत आल्यावर वसंताने विचारलं.

"किडा व्हता," म्हातारी म्हणाली. "पन तुही नोकरी तं पाह्यजे नं."

वसंता पक्का झाला. मी गावी जाऊन वहिनींना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच चांगले मांगले. चांगले तं आपन बियान्याले ठेवतो. अन् बियान्याचे कोसे माळ करूनच टांगतो, पाखरं निघून अंडी देतीन म्हून. इसरले का?" मी विसरलो होतो. त्यांच्या नवऱ्याच्या सख्ख्या भावाने पाखरं काढायची माळ तोरण म्हणून मिरवली होती.

पुढच्या दिवाळीला पगार चक्क वेळेवर आला. मी म्हातारीसाठी खरा कोशाचा पितांबर घेतला. शेठनी खास निरोप धाडला होता, म्हणून तोरणही नेलं; पण या वेळी कोसे मी स्वतः, नाकाला फडकं बांधून, चांगले रटरट उकडले. शेठ टोपी घालून दिवेलागणीपासून तोरणाखाली बसले. पान झालं, फराळ झाला, पुन्हा पान झालं. एक कोसा हलला नाही.

शेवटी शेठ उठले, रिकाम्या टोपीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, यंदा तुमी मनापासून नाई आनलं."

मी म्हातारीकडे आशेनं पाहिलं. तिने पितांबराची घडी मांडीवर ठेवली आणि मान हलवली. "खरं हाये शेठजी," ती म्हणाली. "मागच्या साली कसे जिवंत आनले व्हते."