आधी नवरा आत

लेक काय करते असं कोणी विचारलं की कशेळीचे केसरीनाथ सांगायचे, "बायकांची डॉक्टर हाय." डॉक्टर सुकन्या खरं तर पुरुषांच्या वंध्यत्वाची डॉक्टर, त्यातही जनुकांतल्या दोषांची. पण चारचौघांत हे बोलायचं म्हणजे बापाची जीभ टाळ्याला चिकटायची. सुकन्याला त्याची भारी गंमत वाटे.

भिवंडीतल्या तिच्या दवाखान्यात एकच नियम कडक होता: आधी नवरा आत. इथली रीत नेमकी उलटी. सासू सुनेला घेऊन येणार, आणि नवरा कुठंय विचारलं तर ड्युटीवर. सुकन्या दोघींना चहा पाजून परत पाठवी.

वज्रेश्वरीकडच्या रंगूबाईंनाही तिनं असंच परत पाठवलं. पुन्हा आल्या त्या तणतणतच, पण या वेळी सून ऋतिकाबरोबर लेकालाही घेऊन; हा कुणाल गोदामात कामाला होता.

"पोरासाठी सुनंला अकलोलीच्या गरम पान्याच्या कुंडात न्हाऊ घातली, नवस केलं. आता न्हाय झालं तर लेकाला दुसरी बघनार," त्यांनी सुनेसमोरच सांगून टाकलं. ऋतिका मान खाली घालून बसली. सुकन्याला संताप आला, पण तिनं तो गिळला. रागावून निदान होत नसतं.

दोघांच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले तेव्हा तिनं आधी कुणालला एकट्याला सगळं समजावलं. तो म्हणाला, "दोघींना बोलवा मॅडम. आईला तुम्हीच सांगा, मी इथंच बसतो." सुकन्याला तो मनापासून आवडला.

"मावशी, कुणालच्या एका गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालाय. ताण्यातले धागे कमी पडले की कापड विरळ येतं ना, तसं याचं बीज विरळ आहे. सुनेत काही दोष नाही. उपचारानं मूल होऊ शकतं."

रंगूबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माज्यातून गेलं त्याला?"

"नाही. हे गुणसूत्र बाईकडे नसतंच, ते बापाकडूनच लेकाला मिळतं. त्याच्या वडिलांतही हा दोष होता का, ते आता नाहीत म्हणून सांगता येणार नाही. पण तुमच्याकडून आलं नाही, एवढं नक्की."

रंगूबाई खुर्चीत मागे टेकल्या. "ह्यो कुणाल लई उशिरा झाला मना. तवर सासूनं मना पन कुंडात बुडवली. वांझोटी म्हनून हळदीकुंकवाला कोनी बोलवत नव्हता." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि सुनेकडं पाहिलं. "आनि मी हिला तेच केलं."

ऋतिका त्यांच्याकडं वळली नाही. पहिल्यांदाच मान वर करून तिनं विचारलं, "डॉक्टर, उपचार कधी सुरू करायचे?"